न लावलेली बाग

रामवाडीतल्या त्या घराला पुढचं दार होतं. पण पावसाळा लागला की ते बंद व्हायचं आणि दिवाळीनंतर उघडायचं. कारण पायरीला लागून तेरडा उगवायचा, आणि तेरडा तुडवून घरात शिरणं आमच्या घरमालकांना मान्य नव्हतं. पोस्टमन, गॅसवाला, मतं मागायला आलेले उमेदवार, सगळे मोरीच्या बाजूने वळसा घालून स्वयंपाकघरातून आत येत. एका उमेदवाराचे पांढरे बूट मोरीत बुडाले, तेव्हा तो उसनं हसत म्हणाला, "काका, पुढून वाट ठेवायची ना जरा!"

"ठेवली होती," मालक म्हणाले. "तुमच्या आधी दुसरा कोणी येऊन उभा राहिला."

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचो. पेणच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे गल्लीत मला मास्तर म्हणत. पहिल्या वर्षी माझी स्कूटर अंगणात उभी असायची. दुसऱ्या वर्षी तिच्या जागेवर कुर्डू उगवला आणि स्कूटर गल्लीत गेली. मी कुरकुर केली, तर मालक म्हणाले, "तुम्ही मला विचारून आलात. त्याने विचारलं नाही. म्हणजे त्याचा हक्क जुना असणार." हा युक्तिवाद कुठल्याच न्यायालयात टिकला नसता. पण तो एका अशा माणसाने केला होता ज्याने उभी नोकरी भूमापन खात्यात काढली होती, रायगडातल्या अर्ध्या भांडणांच्या हद्दी मोजल्या होत्या आणि एकदाही कुणासाठी खुंट इंचभर सरकवला नव्हता. त्यामुळे स्कूटर गल्लीतच राहिली.

नोकरीत असताना ते लोकांना आवडत नसत. मोजणीला आलेल्या माणसाने निदान जेवावं, चार गोड शब्द बोलावेत, दोन्ही बाजूंना थोडंथोडं खूश करावं, अशी अपेक्षा असते. हे स्वतःचा डबा नेत, बांधावर बसून खात आणि जे निघालं ते सांगून चालू पडत. निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही. लग्नात वरबापाने कौतुकाने विचारलं, "जेवण कसं झालं?" तर उत्तर मिळायचं, "भात कच्चा होता." माझा एक लेख एका दिवाळी अंकात छापून आला. मी मोठ्या आशेने तो अंक त्यांना दिला. दोन दिवसांनी परत करताना म्हणाले, "पहिली दोन पानं नसती तरी चाललं असतं." मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. मग लेख पुन्हा वाचला. पहिली दोन पानं नसती तरी चाललं असतं.

कुणाला 'छान' किंवा 'बरं केलंस' म्हटलेलं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. वाईटही क्वचितच म्हणत. जे दिसलं ते सांगत, एवढंच.

अंगण फार तर दोन खोल्यांएवढं होतं. त्याला गल्लीतले लोक बाग म्हणत. मालक 'समोरचं' म्हणत. त्यात त्यांनी कधी एक रोप लावलं नाही, बियांचं पाकीट आणलं नाही, बी गोळा करून ठेवलं नाही. फक्त गवत उपटायचं, आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही. एवढ्यावर दर वर्षी तेरडा, गावठी झेंडू, सदाफुली, कॉसमॉस, कुर्डू आणि सब्जा एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहायचे. कोण कुठे उभा राहील हे सांगता येत नसे. एका वर्षी सगळा गुलाबी तेरडा कुंपणाशी, पुढच्या वर्षी तोच खिडकीखाली. मालक सकाळी चहाचा कप घेऊन फिरायचे ते पाऊल टाकण्याआधी जमीन बघत, डोंबाऱ्यासारखे.

भाद्रपदानंतर तेरड्याच्या शेंगा भरत. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की ती फुटते आणि बी उडतं, हे कुणालाही ठाऊक असतं, आणि बोट लावल्याशिवाय कुणाला राहवत नाही. मलाही राहवलं नाही. "नको," मालक ओरडले. "त्याचं त्याला ठरवू द्या." मग आम्ही दोघे शाळा सुटल्यासारखे पायरीवर बसून शेंगा आपोआप फुटायची वाट बघत बसलो. मी त्या दुपारी दोन वर्गांचे पेपर तपासायचे ठेवले होते.

मार्गशीर्षानंतर मात्र तिथे बघण्यासारखं काही नसे. काळ्या पडलेल्या काड्या उभ्या, त्यांच्यावर कोळिष्टकं, खाली पाला. चैत्रात तर घरात कोणी गेलं असावं असं वाटे. शेजारच्या मिठागरवाल्यांची सून, धरमतरच्या बाजूची, तोंडाने फटकळ पण मनाने चांगली, एकदा कुंपणावरून म्हणाली, "काका, काढा ना ती लाकडं. सगलं मेलंय."

"मेलं नाही. खाली आहे."

"खाली काय हाय?"

"बी. माझी कोठी तीच."

ती हसली. "बरं हाय बा तुमचं. ना डबा, ना कुलूप."

पेणमध्ये एक सुशोभन मंडळ आहे. प्रत्येक गावात असतं तसं. शाल, नारळ आणि माईक ही त्याची मुख्य अवजारं. त्यांनी सुंदर परसबागांची स्पर्धा काढली आणि मालकांनी भाग न घेताही त्यांना पहिलं बक्षीस दिलं. मालक नको म्हणाले, कारण दिलं: मी काही केलेलं नाही. मंडळाला हा विनय वाटला, आणि मंडळाला विनय फार आवडतो. शेवटी त्यांना स्टेजवर नेऊन बसवलंच. त्यांच्या आधी प्रमुख पाहुण्यांनी निसर्ग आणि मानव या विषयावर इतकं बोलून घेतलं की मानव पेंगू लागले. मग मालकांना मनोगत सांगायला उभं केलं. ते माईकपाशी गेले, म्हणाले, "त्या बागेत माझा हात नाही," आणि जागेवर येऊन बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी पुन्हा माईक घेऊन या वाक्याचा अर्थ समजावून सांगितला. घरी येताना रिक्षात मालक म्हणाले, "मी खरं बोललो तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. कोणाला समजलं नाही म्हणून असेल."

लग्न त्यांनी केलं नव्हतं. जवळचं माणूस एकच, मोठी बहीण. कोलाडच्या पुढे आतल्या गावात तिची भातशेती होती. आई लहानपणीच गेल्यावर ह्यांना तिनेच आपल्या सासरी नेऊन ठेवलं होतं. तिथून ते रोह्याला शाळेत जात. परक्याच्या घरात भावाचं ताट वाढायचं म्हणजे तिला काय ऐकावं लागलं असेल, ते मालक कधी बोलले नाहीत. फक्त ती आली की हा हद्दीचा दगड नरम व्हायचा. तिला ते बाय म्हणत. मग मीही बाय म्हणू लागलो, आणि गल्लीही.

बाय आल्या आल्या घराची झडती घ्यायची. "भांडी कशी घासलीस ही? चुलीत घाल." मालक मान खाली घालून ऐकायचे. त्यांना असं बोललेलं मी दुसऱ्या कुणाचं ऐकलं नाही.

एका वैशाखात मालकांना छातीत कळ आली. पनवेलला दवाखान्यात ठेवावं लागलं. मला सुट्टी होती, म्हणून मी त्यांच्यापाशी राहिलो. बाय एसटीने बोचकं घेऊन आली आणि घर सांभाळायला रामवाडीत थांबली. दवाखान्यात मालक फारसे बोलत नसत. एकदा डॉक्टरांनी विचारलं, "घरी जायची घाई आहे का?" तर म्हणाले, "मृग लागायच्या आत सोडा. वर येताना बघायचं आहे." डॉक्टरांना वाटलं, भ्रम झालाय. त्यांनी एक तपासणी वाढवली.

मला बाहेर नेऊन डॉक्टरांनी जे सांगितलं त्यात पुढच्या वर्षाचा उल्लेख नव्हता. मालकांना ते मी सांगितलं नाही, पण ज्याने आयुष्यभर जमिनीची शिल्लक मोजली त्याला स्वतःची मोजता येत असणार. एवढा एक पावसाळा त्यांना हवा होता. समोरचं आपोआप उगवताना एकदा बघायचं, याच्यापलीकडे त्यांनी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

त्यांना घेऊन मी टॅक्सीने परत आलो. बाय दारात तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती. तिने तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि मग पदराने हात पुसत बाजूला सरकली, एखादं चित्र दाखवावं तशी.

सगळं अंगण काळं होतं. एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत. काड्या नाहीत, पाला नाही. भुरभुरीत काळी राख, आणि जळलेल्या शेणाचा वास.

आमच्याकडच्या भातशेतीत रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात. झाडांचे डहाळे, पाला, गवत, शेण पसरून वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. त्याला राब म्हणतात. जमीन मोकळी होते, राखेचं खत होतं, आणि मुख्य म्हणजे जमिनीत पडलेलं गवताचं बी जळून जातं. मग भाताचं रोप स्वच्छ येतं. बायने तेच केलं होतं. पेणजवळच्या दादर गावाकडून टेम्पोभर पाला आणवला होता, शेण मागून आणलं होतं, ऐन उन्हात एकटीने पसरलं होतं. भावाची जमीन आजारपणात पडीक राहिली, काड्या माजल्या, तो बरा होऊन येईल तेव्हा तयार असावी, एवढाच तिचा विचार. कोणी बी जमिनीतच ठेवतं, ही गोष्ट तिच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. तिच्या सात पिढ्यांनी बी राखेत घालून मडक्यात ठेवलं होतं.

"कसा भाजलाय?" ती म्हणाली. "एक काडी नाय राखली. अवंदा बघ तुझी फुलं कशी येतात ती."

मालक टॅक्सीच्या दाराला धरून उभे होते. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. आजारी माणसाच्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

"चांगलं केलंस, बाय," ते म्हणाले.

बायचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे बघितलं.

ती आत चहा ठेवायला गेली तेव्हा मी म्हटलं, "काका, तिला सांगायला हवं. निदान..."

"काय सांगायचं? बी परत येणार आहे का?" ते खाटेवर बसले. "तिच्या हातून आजवर दाणा वाया गेला नाही. आता शेवटी हे तिच्या नावावर चढवू नका."

मृग लागला तशी बाय कंबर बांधून पुढे आली. "काढ रे बी. कुठं ठेवलंस? पेरून टाकू."

मालक खिडकीशी खुर्चीत होते. भात कच्चा असेल तर कच्चा म्हणणाऱ्या माणसाने सरळ तिच्याकडे बघून सांगितलं, "उंदरांनी खाल्लं."

"सगलं?"

"सगळं."

"राखेत नव्हतं घातलंस?"

"नाही."

झालं. बायने त्या दिवशी त्यांना जी बोलणी ऐकवली ती संध्याकाळपर्यंत पुरली. "सरकारची नोकरी केलीस, लोकांच्या जमिनी मोजल्यास, नि मूठभर बी राखता नाय आलं? बायको केली असतीस तर तिनं तरी राखलं असतं. डबा कसला होता? पत्र्याचा? झाकण होतं का नाय?" मालकांनी न ठेवलेल्या बियांच्या नसलेल्या डब्याचं झाकण सैल होतं हेही कबूल केलं. खोटं बोलण्यात नवखा माणूस जरा जास्तच तपशील देतो.

बायने पेणच्या बाजारातून झेंडूचं पाकीट आणलं. त्याच्यावरच्या चित्रात फूल नारळाएवढं होतं. रोपं तयार झाल्यावर ती रांगेत लावायची ठरली, आणि रांग म्हटल्यावर दोरी आली. "धर टोक," तिने भावाला सांगितलं. मालक खुर्चीत बसून दोरीचं टोक धरून राहिले. निवृत्तीनंतर आता सरळ रेघ बघणार नाही, असं ते मला म्हणाले होते. थोड्या वेळाने त्यांच्याच्याने राहवलं नाही. "तुझ्या बाजूला वाकडी आहे. डावीकडे घे. अजून. हां." रांगा अशा आल्या की सरकारी मोजणीत उतरल्या असत्या.

त्या दिवसांत ते रोज सकाळी रांगांच्या मधली जमीन बघायचे. लव्हाळा तेवढा आला. लव्हाळ्याला आगीचं काही वाटत नाही. आणि एके दिवशी मोरीचं पाणी जातं तिथे, दगडाच्या आडोशाला, दोन पानांचं एक रोप दिसलं. त्यांनी मला खुणेने बोलावलं. मी वाकून बघितलं. एवढंसं रोप, कशाचंही असू शकतं. पण त्यांनी भुवया उंचावल्या आणि हळूच म्हणाले, "तेरडा." पुढचे काही दिवस ते जेवण झालं की खुर्ची मोरीच्या बाजूला ओढायला लावत. बाय म्हणे, "काय घाणीत बसतोस?" ते म्हणत, "इथे वारा आहे."

मग एका सकाळी मोरी तुंबली. बायने खुरपं घेतलं, दगड बाजूला सारला आणि पाच मिनिटांत सगळं खरवडून काढलं. लव्हाळा, शेवाळ आणि ते रोप एकाच मुठीत कुंपणापलीकडे गेलं. "गवत नुसतं माजलंय," ती म्हणाली. मालक खुर्चीतच होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी पाहिलं की नाही याची खात्री करण्यापुरतं, आणि मग बायला म्हणाले, "हात धू. चहा टाक."

त्यानंतर त्यांनी खुर्ची मोरीकडे ओढायला सांगितली नाही.

भाद्रपदात गौरी आल्या. आमच्या भागात गौर म्हणजे मुळासकट उपटलेल्या तेरड्याची जुडी. दर वर्षी गल्लीतल्या बाया मालकांच्या अंगणातून तेरडा नेत. उपटायची परवानगी त्या एका दिवसापुरती असे. त्या वर्षीही मिठागरवाल्यांची सून दोघीतिघींना घेऊन आली आणि झेंडूच्या रांगा बघून थबकली.

"काका, तेरडा कुठं गेला? आग लावली तवाच माझ्या मनात आलेलं, सगलं बी..."

"उंदरांनी खाल्लं," मालक मोठ्याने म्हणाले. दम लागला म्हणून थांबले. "बी उंदरांनी खाल्लं."

"उंदरांनी? मातीतलं?"

"डब्यातलं."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. ना डबा, ना कुलूप, असं स्वतःच म्हणालेली बाई ती. तिने एकदा बायकडे बघितलं, एकदा पुन्हा मालकांकडे. मग पदर सावरून म्हणाली, "व्हय गो बाय. अवंदा उंदीर लई झालेत. आमच्याकडं पण."

"मग!" बाय म्हणाली. "राखेत घालायला नको?"

बाया बाजारातून, डोंगरातून जुड्या आणणाऱ्या आदिवासी बायकांकडून तेरडा घेऊन आल्या. नंतर गल्लीत कुणी त्या विषयावर अक्षर बोललं नाही. रामवाडीत कुणाकडे कोणती भाजी शिजली तेही दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं. ही एकच गोष्ट राहिली.

मालक दसऱ्यानंतर गेले. झेंडू तेव्हा भरात होता. सुशोभन मंडळाने शोकसभा घेतली. अध्यक्षांनी अंगणातल्या रांगांकडे हात करून सांगितलं की त्यांनी स्वहस्ते फुलवलेली ही शिस्तबद्ध बाग हेच त्यांचं स्मारक. दोन मिनिटं शांतता पाळायची होती. ती अध्यक्षांनीच मध्ये काहीतरी आठवून मोडली.

बाय शेतीसाठी गावाला परत गेली, मी मागच्या खोलीत राहिलो. मला वाटलं होतं, निदान आता ती जमीन कुणी छेडणार नाही. पुढेमागे कुठून तरी, वाऱ्याने, पाखरांनी, काहीतरी येऊन पडेल.

वैशाखात बाय टेम्पो घेऊन आली. मागे पाला, डहाळे, शेणाच्या पाट्या. तिने अंगणभर सगळं पसरलं, हाताने सारखं केलं, वर माती टाकली. मी मदतीला गेलो. दोघेही घामाने भिजलो. मी हळूच म्हटलं, "बाय, एखादं वर्ष अशीच ठेवली तर जमीन?"

"नाय मास्तर. जित्ती हाय तोवर भाजनार." ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "त्याला आवडला व्हता. तुमी व्हता ना तवा? आयुष्यात कदी कुणाला चांगलं म्हनला नाय तो. मला सुदिक नाय. मी त्याला वाढवला, कदी बोलला नाय. त्या दिवशी बोलला. ऐकलंत ना तुमी?"

"ऐकलं," मी म्हटलं.

तिने डोळे पुसले आणि कमरेची काडेपेटी काढली. दोन काड्या तिच्या हातातच मोडल्या.

"तुमी लावा," ती म्हणाली. "माझा हात ऱ्हात नाय आता."

मी वाऱ्याची दिशा बघितली, खाली बसलो आणि कुंपणाच्या कोपऱ्यापासून पेटवायला सुरुवात केली.